आधी चेहरा, मग चादरी

मी एक जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे. पण मित्रांनो, एवढं ऐकून लगेच हळहळायला लागू नका. माझ्या भिंगावरची पापणी आता अर्धीच उघडते, बाकीची बोटाने ढकलावी लागते. पाठीवरच्या पडद्याला तडा गेला आहे. बॅटरी काढली की मी तारीख विसरतो. एवढं सोडलं तर माझं सगळं शाबूत आहे. माझं म्हणणंसुद्धा.

मी राहतो एका धुलाईच्या दुकानात, काउंटरखालच्या खणात. शेजारी बटणं आहेत, एक किल्ली आहे, एका कानातला डूल आहे आणि एक शिट्टी. गिऱ्हाइकांच्या खिशांतून निघालेल्या या वस्तू आपापल्या माणसांची वाट बघत पडल्या आहेत. मी त्यांच्यातला नाही. माझी माणसं इथेच आहेत. मला फक्त बाहेर काढायचा अवकाश.

माझा जन्म कारखान्यातला. आमच्या पोटात धुळीचा कण जाऊ नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. डोळा उघडला तो पांढऱ्यात, आणि पुढे आयुष्यभर पांढऱ्यानेच मला छळलं.

त्या कारखान्यात मला एक धडा घोकून घोकून शिकवला होता. समोर काहीही असो, त्याची गोळाबेरीज राखाडी यायला हवी! कोळशाचा ढीग दिसला, तर उजेड जास्त आत घे. पांढरी भिंत दिसली, तर उजेड कमी घे. फार काळं नको, फार पांढरं नको, सगळं कसं मधलं. या धड्याला तिथे ‘ऑटो’ म्हणत. आपोआप. माणसाला विचार करायला लागू नये म्हणून आम्हीच आधी सगळं ठरवून टाकायचं.

ज्याने तो धडा लिहिला, तो कधी धुलाईच्या अंगणात उभा राहिला नसावा.

मला एका मामाने आपल्या भाचीसाठी आणलं. तिचे केस कधी एका जागी राहत नसत, म्हणून घरात तिला सगळे झिपरी म्हणत. झिपरीच्या आईबाबांचं हे दुकान. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीची टेबलं, मागे अंगण. अंगणात पाण्याचा हौद, कपडे उकळायची मोठी टाकी आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या, उतारूंच्या खोल्यांच्या चादरी इथे यायच्या. वारा सुटला की सगळं अंगण शीड लावलेल्या होडीसारखं फुगायचं.

बाबा काउंटरवर बसत. गिऱ्हाइकं त्यांना मालक म्हणत. आत्या इस्त्री करायची आणि तिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम होती. आणि आई हौदापाशी. डाग काढणं हे आईचं काम. शाईचा, गंजाचा, रक्ताचा, कसलाही डाग असो, आई चादर उजेडाकडे धरायची, वास घ्यायची, बोटांनी चोळून बघायची आणि म्हणायची, “निघेल.” काम करताना ती गुणगुणायची. तिच्या आईकडून आलेल्या चालीत स्वतःचे शब्द भरायची.

पाण्यात पाहिलं गं, पाण्याने दाविलं,
जसं तोंड माझं, तसंच ठेविलं.

आई काळी होती. मित्रांनो, मी रंगांच्या बाबतीत गुळमुळीत बोलत नाही. सावळी नाही, निमगोरी नाही, काळी. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या गुळगुळीत दगडासारखी. उजेड पडला की तिच्या गालाच्या हाडावर निळसर तकाकी यायची. इतका सुंदर रंग मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि तोच मला धडपणे टिपता येत नव्हता.

पहिल्या दिवसाची गोष्ट ऐका. झिपरीने मला अंगणात नेलं. बाबा मागून ओरडले, “चादरी घे, चादरी! माणसं काय, रोजचीच आहेत.”

घरातली सगळी दोरीपुढे ओळीने उभी राहिली. मागे पांढऱ्याशुभ्र चादरी, त्यांच्यावर ऊन. मी पाहिलं तर जिकडेतिकडे पांढरंच पांढरं. धडा आठवला. उजेड कमी कर! मी मुकाट्याने कमी केला. फोटोत चादरी राखाडी आल्या, भांडी विसळलेल्या पाण्यासारख्या. आणि चादरींना राखाडी करताना आईचा चेहरा पार बुडाला. डोळे नाहीत, नाक नाही. नुसते दात.

आत्या पडद्यावर वाकली आणि खो खो हसत म्हणाली, “वहिनी, तू हसलीस म्हणून बरं! नाहीतर मला वाटलं असतं, दोरीवर कुणाची घोंगडी राहिली.”

सगळे हसले. सर्वांत जास्त आई हसली. बाबांना मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, “भंगार आहे हा कॅमेरा. माझ्या चादरी मळक्या दाखवतोय. बंद कर ते.”

भंगार! मित्रांनो, मला बोलता येत असतं ना, तर तिथेच सुनावलं असतं. मला पाठीवर इतकी बटणं दिली आहेत ती काय शोभेला? एकालाही हात न लावता मला भंगार म्हणणारे तुम्ही कोण? पण यंत्राचा राग आतल्या आत राहतो. पापणी मिटली आणि मी गप्प बसलो.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. फोटो निघायचा म्हटलं की आई म्हणायची, “तुम्ही व्हा उभे. मी चादर ताणून धरते, वाऱ्याने हलतेय.” आणि ती चादरीमागे जायची. सुरुवातीला कुणाच्या ध्यानातही आलं नाही. फोटोत बाबा असत, आत्या असे, कधी पाहुणे असत. आणि कडेला, चादरीच्या काठावर, चार काळी बोटं.

माझ्या पोटातल्या कार्डात अशी किती बोटं साठली असतील!

मग दुकानाच्या पाटीची वेळ आली. जुनी पाटी गंजली होती. पाटीवाला मोजमाप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, “मालक, हल्ली नुसत्या अक्षरांवर भागत नाही. पाटीवर फोटो टाकू मोठा. पांढऱ्या चादरी आणि पुढे तुम्ही सगळे घरचे. लांबून माणूस ओढला जाईल.”

बाबा खूश झाले. आत्याने तिथल्या तिथे केस सारखे केले. हौदापाशी वाकलेली आई मान वर न करता म्हणाली, “मी नाही हं पाटीवर. चादर धरायला कुणीतरी लागेलच.”

“वहिनी, नखरे पुरेत!”

“नखरे नाहीत, आत्याबाई. मी आले की तुमचा फोटो बिघडतो. दुकान पांढऱ्याचं आहे.”

हे ती अगदी सहज म्हणाली, एखादा डाग निघणार नाही हे सांगावं तसं. झिपरी तेव्हा पाटीसाठी मला उघडून जुने फोटो चाळत होती. तिचं बोट एकदम थबकलं. ती मागे गेली, आणखी मागे गेली. बोटं. बोटं. पुन्हा बोटं. पार पहिल्या फोटोपर्यंत गेली, आणि तिथे ती घोंगडी.

“आई,” ती म्हणाली, “तुझा एकसुद्धा फोटो नाहीये.”

“बोटं आहेत की,” आई म्हणाली. “कामाची तीच.”

त्या दिवसापासून झिपरीने मला हातातून सोडलं नाही. पाटीवाला फोटो न्यायला येणार होता. त्याआधी तिला मला समजून घ्यायचं होतं, आणि मला तर कुणीतरी समजून घ्यावं म्हणून मी कधीचा टपून बसलो होतो.

तिने आधी माझी पाठ तपासली. तिथे अधिक-उणेची खूण असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की पडद्यावर एक पट्टी येते, मध्ये शून्य, डावीकडे उणे, उजवीकडे अधिक. झिपरीने इस्त्रीच्या टेबलापाशी आत्याला बसवलं, मागे चादर टांगली आणि पट्टी उणेकडे नेली. आत्या अंधारात गेली.

“मेले, मला कुठे घालवलंस?”

मग पट्टी अधिककडे. एक घर, आणखी एक घर. चादर राखाडीची पांढरी झाली आणि आत्याचा चेहरा फुलत वर आला.

झिपरी ओरडलीच, “अगं, हा घाबरतो! पांढरं बघितलं की याला वाटतं उजेड फार झाला. म्हणून हा डोळे बारीक करतो. त्याला सांगावं लागतं, घाबरू नकोस, ते खरंच पांढरं आहे.”

मित्रांनो, माझ्याबद्दल याहून खरं वाक्य कुणी बोललेलं नाही. कारखान्याचा धडा त्या क्षणी मी झुगारून दिला. मधलं म्हणे! पांढऱ्याला पांढरं राहू द्यायचं आणि काळ्याला काळं, हे मधल्याच्या नादात मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण एक भानगड उरली होती, रंगाची. दुकानात खिडकीचा उजेड वेगळा, ट्यूबचा वेगळा, दिव्याचा वेगळा. दिव्याखाली सगळं पिवळं यायचं, ट्यूबखाली आजारी हिरवट. झिपरीने बटणं दाबून ‘व्हाइट बॅलन्स’ शोधून काढलं. ते मला सांगतं की या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं. आई सोडा घेऊन आत आली तेव्हा लेक तिला समजावत होती, “पिवळा उजेड असला की हा फोटोत थोडं निळं घालतो, म्हणजे पांढरं पांढरं दिसतं.”

आई थांबली. “म्हणजे नीळच घालतो की!”

“नीळ?”

“मग मी दुसरं काय करते? धुऊन धुऊन कापड पिवळट पडतं, त्याला शेवटच्या पाण्यात जरा नीळ. हा तर आपल्याच धंद्यातला निघाला.” आणि तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. माझा ऊर भरून आला, यंत्राला असतो तेवढा.

त्या मेनूत एक जागा अशी होती, की एखादी पांढरी वस्तू मला दाखवायची आणि सांगायचं, हे पांढरं, बाकीचं यावरून ठरव. झिपरी धावत अंगणात गेली. धुलाईवाल्याच्या घरात पांढऱ्याला काय तोटा! दोरीवरची सर्वांत झळझळीत चादर तिने निवडली, मला दाखवली आणि लगेच आईला गाठलं. “हलू नकोस!”

फोटो आला. चेहरा दिसत होता, डोळे दिसत होते. पण आई पिवळी पडली होती. जणू अंगात कावीळ भरलेली.

झिपरीचा चेहरा उतरला. आईने पाहिलं आणि पुन्हा हौदाकडे वळली. “राहू दे गं. माझा रंगच तसला. तुझ्या यंत्राचा दोष नाही.”

नव्हताच माझा दोष! मला जे पांढरं म्हणून दाखवलं होतं, ते पांढरं नव्हतंच. मी आतून ओरडत होतो आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. माझं ऐकलं ते आत्याने, तेही टोमणा मारता मारता. इस्त्री आपटत ती म्हणाली, “कुठली चादर दाखवलीस त्याला? ती दोरीवरची? काल वहिनीने निळीचा हात सैल सोडलाय, ती आकाशाच्या रंगाची झालीय! निळ्याला पांढरं म्हणायला लावल्यावर तो बिचारा सगळ्यांना पिवळं नाही करणार तर काय!”

आई हसायला लागली. तोंडावर ओला हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या घराखेरीज अशी चूक कोण करणार? पांढऱ्याचा इतका गर्व, की पांढऱ्याहून पांढरं केलेलं तेच खरं वाटावं.

आई आत गेली आणि एक फडकं घेऊन आली. नुसतं उकळलेलं सुती फडकं, नीळ न लागलेलं. तिने ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. “घे, हे बघ. हे खरं.”

मी पाहिलं. आणि सगळं जग आपापल्या रंगात परत आलं.

पाटीवाला आला त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. चादरी दोरीवर चढल्या. बाबांनी नवा सदरा घातला होता. आई नेहमीसारखी चादरीमागे निघाली तेव्हा झिपरीने तिचा पदर धरला. “आज तू मध्ये.”

“अगं, चादर उडेल...”

“उडू दे.”

तिने फडकं दाखवून माझा रंग ठरवला. अधिकची घरं चढवली. पाटीवाला डोकावून बघत होता. “कशाला इतकं? ऑटोवर टाक की. त्याला सगळं कळतं.”

“त्याला काही कळत नाही,” झिपरी म्हणाली. “त्याला सांगावं लागतं.”

तिने बटण दाबलं.

पडद्यावर आई आली. कपाळावरची ओली बट, गालाच्या हाडावरची निळसर तकाकी, डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या बारीक रेघा, आणि काळा, गहिरा, उजेडाने भरलेला रंग. आई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “ही माझ्या आईसारखी दिसते.”

पण बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “चादरी कुठायत? वीण दिसत नाही, घडीची रेघ दिसत नाही. नुसतं पांढरं फटफटीत! सोड्यात जास्त वेळ ठेवल्यासारखं. चादरी दिसायला पाहिजेत. दुकान चादरींचं आहे.”

खरं होतं ते. मित्रांनो, मी काही जादूगार नाही. चादरींवर रणरणतं ऊन आणि आईचा काळा रंग, दोन्हीची नक्षी एकाच वेळी धरेन एवढी माझी ओंजळ मोठी नाही. चादरीची वीण राखायची तर चेहरा बुडतो. चेहरा वर आणायचा तर वीण पुसली जाते. कुणाला तरी ठरवावं लागतं, आधी कोण. तोवर दर वेळी चादरींना आधी धरलं होतं, आणि कुणी ठरवल्याशिवायच.

पाटीवाल्याने तोड काढली. “भांडता कशाला? कमी उजेडातला घ्या. चादरी झकास येतील. आणि ताईंचा चेहरा मी संगणकावर उजळून देतो. दोन मिनिटांचं काम. अगदी गोऱ्यापान करून टाकतो.”

दोरीवर एक चादर फडफडली. आईने हात पदराला पुसले. इतकी वर्षं चादरीमागे असणारी ती पुढे आली आणि पाटीवाल्यासमोर उभी राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “डाग काढणं हा माझा धंदा आहे. डाग कसा असतो ते मला कळतं. हा डाग नाही.”

पाटीवाल्याने मान खाली घातली. आत्याच्या हातातली केसांची पिन खाली पडली आणि ती तिने उचलली नाही. ती फक्त म्हणाली, “वहिनी, त्या घोंगडीचं... जळो माझी जीभ.”

“जळू नको देऊ,” आई म्हणाली. “इस्त्रीला टक्कर कोण देणार मग?”

बाबा पडद्याकडे बघत होते. “हाच लावा,” ते म्हणाले. “चादरी काय, लोक हातात घेऊन बघतातच. हिला कोण बघतं? मीसुद्धा...” आणि ते काउंटरवर जाऊन बसले.

पाटी चढली. मागे पांढरा झोत आणि पुढे मधोमध आई. नवं गिऱ्हाईक आलं की काउंटरवर बाबांना ओलांडून विचारायचं, “त्या पाटीवरच्या ताई कुठायत? एक डाग दाखवायचाय.” बाबा आतल्या बाजूला मान करायचे. मालक त्यांना अजूनही म्हणत, पण विचारत आईला.

नंतर कॅमेऱ्याचे फोन आले आणि मी खणात गेलो. मी तक्रार करत नाही. फोन चांगले असतात, चटपटीत असतात. पण ते फार गोड बोलतात. न विचारता गाल गुळगुळीत करतात, रेघा पुसतात, रंग दोन छटा वर नेतात. मी तसला नाही. सांगितल्याशिवाय मी चुकतो, पण सांगितलं की खरं तेच दाखवतो. लाडीगोडी मला जमत नाही आणि जमवायचीही नाही.

आज खण उघडला. बाहेर बोलणं चाललं होतं. पाटी उन्हाने उडाली आहे, नवी करायची आहे. झिपरी आता दुकान बघते, तिचे केस अजूनही एका जागी राहत नाहीत. कुणीतरी फोनवर आईचा फोटो काढून पुढे केला असावा, कारण मी आईला म्हणताना ऐकलं, “हे कोण? ही माझी धाकटी बहीण असेल तर ठीक आहे. मी नाही ही. त्याला काढ खणातून.”

“आई, तो चालेल का आता?”

“चालेल. थोडा अडला तर अडला. आपण नाही अडत?”

मित्रांनो, आता तुम्हाला माझं एकच सांगणं आहे, आणि ही विनवणी समजू नका, बजावणं समजा. मला पुसून ठेवा, कोरड्या जागी ठेवा, बॅटरी काढून ठेवा, हे तर कराच. पण हातात कुठलाही कॅमेरा असो, त्याला आपोआपवर सोडून देऊ नका. बटण दाबण्याआधी एकदा बघा, कुणाला पांढरं राखण्यासाठी कोण काळोखात चाललं आहे. आणि मग तुम्ही ठरवा. यंत्राला ठरवू देऊ नका.

झिपरीने बोटाने माझी पापणी ढकलली. उजेड आत आला. पडद्यावर मी तारीख विचारतो आहे, कारण ती मला आठवत नाही. समोर आई उभी आहे. केस पांढरे झाले आहेत, दोरीवरच्या चादरींच्या बरोबरीने. कारखान्याचा जुना धडा कानात कुजबुजतो आहे, पांढरं फार झालं, उजेड कमी कर.

आई हातातलं बिननिळीचं फडकं माझ्यापुढे धरते. ती गुणगुणते आहे,

पाण्यात पाहिलं गं, पाण्याने दाविलं...

झिपरीचं बोट अधिककडे चाललं आहे. तारीख नंतर घाला. तिचा रंग मला पाठ आहे.